बुद्धिबळ: चाल ‘का’ खेळली हे सांगणारं पुस्तक किंवा व्हिडिओ आहे का?

खानावळवाली_काकू

नमस्कार. नवी पेठेत माझी खानावळ आहे, जेवायला बहुतेक एमपीएससीची पोरं. दुपारी तीनला भांडी आवरली की संध्याकाळची कणीक मळेपर्यंत वेळ माझा. २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्याकडच्या नागपूरच्या पोराने सगळ्यांना जिलबी वाटली. मी विचारलं, एवढं काय केलं रे तिने? तो पट मांडून सांगायला बसला आणि मला एक अक्षर कळलं नाही. पुढे खोली सोडून गावी गेला, पट मात्र माझ्याकडे ठेवून गेला. तेव्हापासून नाद लागलाय.

सोंगट्या कशा चालतात, कॅसलिंग, शह, मात एवढं येतं. गाडी अडते ती पुढे. पुस्तकं चार-पाच चाली एका दमात देतात आणि म्हणतात, ‘पांढऱ्याची बाजू आता उघडच वरचढ.’ कोणाला उघड? हे म्हणजे ‘मसाला चांगला परतून घ्या’ असं झालं. किती परतायचा, कडेने तेल सुटलं की थांबायचं का, तेच तर विचारतेय मी.

व्हिडिओंचं तर विचारूच नका. बाणांवर बाण. जुन्या काळच्या अमेरिकन खेळाडूचा, पॉल मॉर्फीचा, एक डाव बघितला, १८५८ चा, पॅरिसच्या ऑपेरातला. पांढरा मॉर्फी, काळ्याकडून दोन सरदार मिळून खेळतात. चौथ्या चालीला काळा आपला उंट देऊन पांढऱ्याचा घोडा मारतो. सांगणारा म्हणाला, ‘इथे हे करावंच लागतं’, आणि गेला पुढे. मी तिथेच थांबले. का करावं लागतं?

शेवटी अप्पा बळवंत चौकातून ८० रुपयांना एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. पहिली चाल पांढरा पी-के४, काळा पी-के४. म्हणजे दोघांची प्यादी एकाच घरात? तासभर पटाकडे बघत बसले. परत करायला गेले तर दुकानदार म्हणतो, वाचलेलं पुस्तक परत घेत नाही. म्हटलं, अहो, वाचता आलं असतं तर परत कशाला आणलं असतं?

इंग्रजी वाचते, पण हळू. सुचवा काहीतरी.

कोथरूडचा_हत्ती

काकू, पुस्तक फेकू नका, त्यात चूक काही नाही. ती जुनी लेखनपद्धत आहे. पी म्हणजे प्यादं, के म्हणजे राजाची उभी रांग. तिच्यात प्रत्येक जण आपल्या बाजूने घरं मोजतो, त्यामुळे पांढऱ्याचं के४ म्हणजे आजचं ई४ (ई ही उभी रांग, ४ ही पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ) आणि काळ्याचं के४ म्हणजे ई५. एकाच घराला दोन नावं. आमच्या वडिलांची पिढी यावरच शिकली. तुम्ही मात्र या भानगडीत पडू नका.

तुम्ही मागताय ते पुस्तक आहे: अर्विंग चेर्नेव्हचं ‘लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह’. १९५७ चं, ३३ डाव, आणि प्रत्येक चालीवर, अगदी पहिल्यावरसुद्धा, टिप्पणी. पहिलं प्यादं दोन घरं पुढे का, हे प्रत्येक डावात नव्याने सांगतो. मोठे खेळाडू कंटाळतात, शिकणाऱ्याच्या मात्र तेच अंगात मुरतं. घेताना आतलं पान उघडून बघा. १९९८ च्या बॅट्सफर्ड आवृत्तीत चाली आजच्या पद्धतीने, ई४-ई५ अशा आहेत. त्याआधीची प्रत मिळाली तर पुन्हा पी-के४.

एक दोष आधीच सांगतो. चेर्नेव्ह जिंकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. जो जिंकला त्याची प्रत्येक चाल शहाणपणाची, हरला त्याचं सगळं चुकलं. राजापुढचं प्यादं हलवलं की लगेच ओरडतो. ते सगळं वेदवाक्य मानू नका. हे पचलं की वर्षभराने जॉन नन यांचं ‘अंडरस्टँडिंग चेस मूव्ह बाय मूव्ह’ (२००१, ३० डाव) घ्या. ते जास्त प्रामाणिक आहे, पण आज हातात घेतलंत तर झोप लागेल.

अडीच_घरं

उंटाचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून मी सांगतो. पट मांडा, काकू.

तिसऱ्या चालीनंतर काळ्याचा उंट जी४ वर आहे. पांढऱ्याचा एफ३ वरचा घोडा हलला तर त्याच्यामागचा डी१ वरचा वजीर उंटाच्या तोंडी जातो. म्हणजे घोडा बांधलेला. चौथ्या चालीला पांढऱ्याचं डी४ वरचं प्यादं ई५ वरचं प्यादं मारतं. आता काळ्याने डी६ च्या प्याद्याने सरळ परत मारलं तर? डीची रांग मोकळी होते, पांढरा वजीर थेट डी८ वर जाऊन काळा वजीर मारतो, शह. काळ्याचा राजा तो वजीर मारतो. आता घोडा कोणासाठी बांधलेला राहील? मागे वजीरच नाही! तो सुटतो आणि ई५ वरचं प्यादं फुकटात खातो. वर जी४ च्या उंटावरही नजर आणि एफ७ च्या प्याद्यावरही.

हे टाळायला काळा आधी घोडाच मारून टाकतो आणि मग प्यादं परत घेतो. प्यादं वाचतं, पण चांगला उंट गेला आणि पांढऱ्याचा वजीर तो उंट मारता मारता एफ३ वर आयता बाहेर आला. त्या दोन सरदारांचं दुखणं इथूनच सुरू होतं. १७ व्या चालीला मात.

शनवारातला_आजोबा

पुस्तकं काय, व्हिडिओ काय! आम्ही वाड्याच्या ओट्यावर हरून हरून शिकलो. माणसाशी खेळा बाई, सगळं येतं.

खानावळवाली_काकू

अडीच घरं, तुम्ही माझी दुपार सोन्याची केलीत. तीनदा मांडून बघितलं. वजीर गेला की बांधलेला घोडा सुटतो, हे मला कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. आमटीला फोडणी द्यायची राहिली, पोरं सातला हजर. एकाने विचारलं, काकू, आज साधं वरण का? म्हटलं, मॉर्फीला विचार.

आजोबा, ओट्यावर तुम्हाला हरवणारा कोणीतरी शेजारी बसलेला होता. माझ्यासमोर दुपारी तीनला गॅसची शेगडी असते.

हत्तीदादा, चेर्नेव्ह मागवलं. आतलं पान दाखवा म्हणून विक्रेत्याला फोटो मागितला. ई४ आहे.

बावधन_बिशप

व्हिडिओत थोडी शोधाशोध करावी लागते. जाहिरातीसारखे ओरडणारे सोडा. तुम्हाला खेळता खेळता स्वतःशी मोठ्याने बोलणारा माणूस हवाय. अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्कीचे ‘स्पीडरन’ बघा. नवख्यांपासून सुरुवात करून चढत्या ताकदीच्या लोकांशी खेळतो, कोणती चाल मनात आली आणि का सोडली तेही सांगतो, आणि डाव संपला की परत पहिल्यापासून उलगडतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला, फक्त २९ वर्षांचा. व्हिडिओ आहेत अजून. मी रोज एक बघतो, अजून चुटपुट लागते.

तो फार भरभर वाटला तर आधी जॉन बार्थोलोम्यूची ‘चेस फंडामेंटल्स’ ही मालिका. पहिला भाग फक्त एका गोष्टीवर: कोणती सोंगटी बिनराखणीची उभी आहे. संथ बोलतो, समजतं. वेग पाऊणपट करा, खालची इंग्रजी अक्षरं चालू ठेवा. आणि तो चाल खेळायच्या आत व्हिडिओ थांबवून आपली चाल वहीत लिहा. नुसतं बघितलं तर सगळं कळल्यासारखं वाटतं, पट मांडला की डोकं कोरं. स्वानुभव आहे.

आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं काढा. फुकट आहे, जाहिराती नाहीत. ‘असं केलं असतं तर?’ हा प्रश्न तिथल्या विश्लेषणाच्या पटावर दोन्हीकडून चाली करून स्वतःच सोडवता येतो. इंजिन, म्हणजे कोण किती वरचढ ते आकड्यात सांगणारा संगणक, मात्र बंद ठेवा. ते ‘अधिक १.२’ म्हणेल आणि तुम्ही परत ‘कोणाला उघड?’ वर.

खानावळवाली_काकू

इंजिन बंद. वही केली, किराण्याच्या वहीची मागची पानं.

ऑपेराच्या डावातच पुढे अडलेय. आठव्या चालीला मॉर्फीच्या वजिराला बी७ वरचं प्यादं फुकट मिळत होतं. ते सोडून तो घोडा सी३ वर आणतो. मी थांबवून वहीत ‘प्यादं खा’ लिहिलं होतं.

अडीच_घरं

खाल्लं तर काळ्याचा वजीर ई७ वरून बी४ वर येतो, शह. वजिरावर वजीर कापला जातो. मॉर्फीला एक प्यादं जास्त, पण हल्ला संपला. घोडा सी३ वर आला की बी४ वरून शह बसतच नाही, घोडा मध्ये उभा. आणि बी७ वर नजर तशीच राहते. म्हणून काळा सी६ खेळतो. सी६ ने बी७ कसं राखलं जातं, ते तुम्ही शोधा. सातव्या ओळीकडे बघा.

शनवारातला_आजोबा

सी प्यादं पुढे गेलं की ई७ वरच्या वजिराला बी७ पर्यंत रस्ता मोकळा.

खानावळवाली_काकू

आजोबा! मी शोधत होते ना!