शब्दचर्चा : व्यावसायिक पात्रता की व्यवसाय अर्हता?

प्रश्न : कामगारांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय. ‘नॅशनल व्होकेशनल क्वालिफिकेशन’साठी ‘राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता’ लिहिलं, पण ते पटत नाही. दुसरं काय लिहिता येईल?

प्रतिसाद : ‘व्यावसायिक’ टाळाच. व्यावसायिक नाटक, व्यावसायिक गॅस सिलिंडर यांत तो धंद्याशी जोडला गेलाय. त्यातून आपल्याकडे प्रवेशाच्या काळात ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे इंजिनियरिंग आणि फार्मसी येतं, वेल्डर येत नाही. आयटीआयच्या जगात मात्र ‘व्यवसाय’ म्हणजे ट्रेड हे पक्कं रुजलंय. खात्याचं नावही ‘व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय’ असंच आहे. तोच शब्द घ्या.

दुसरं म्हणजे ‘पात्रता’. छाननीनंतर पात्र-अपात्र उमेदवारांची यादी लागते. म्हणजे माणूस एखाद्या पदासाठी पात्र ठरतो, उद्या वयाची अट बदलली की अपात्रही होतो. अर्हता त्याने कमावलेली असते, ती त्याच्याकडेच राहते. जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’ छापतात ते योग्यच आहे. म्हणून माझं मत : राष्ट्रीय व्यवसाय अर्हता.

प्रतिसाद : मी शिल्प निदेशक आहे, संधाता म्हणजे वेल्डर व्यवसाय शिकवतो. ‘अर्हता’ला माझी हरकत नाही, पण पत्रकात ती आणि ‘प्रशिक्षण’ एकमेकांच्या जागी वापरू नका. इथेच सगळा घोळ होतो. वर्षभर वर्गात बसला म्हणजे प्रशिक्षण झालं. अर्हतेसाठी काम करून दाखवावं लागतं. प्लेटच्या जाडीप्रमाणे करंट लावला का, स्लॅग काढल्यावर सांध्यात भोकं दिसतात का, कडेला चर पडली का, डोक्यावरचा सांधा मारताना हात स्थिर राहिला का, हे तपासूनच ठरवायचं. काय काय यायला हवं हे आधी लिहून ठेवतात, त्याला ‘व्यवसाय मानक’ म्हणा. २०१३ साली देशात कौशल्य अर्हतांचा राष्ट्रीय आराखडा आला, तो अशाच मानकांवर उभा आहे. त्यात आधी १० स्तर होते, २०२३ पासून ८ आहेत.

आणि एक गोष्ट पत्रकात ठळक छापा. शाळा अर्धवट सुटलेला, पण वीस वर्षं भिंती उभ्या करणारा गवंडीसुद्धा परीक्षा देऊन दाखला मिळवू शकतो. इंग्रजीत त्याला आरपीएल म्हणतात, मराठीत मी ‘पूर्वकौशल्याला मान्यता’ सांगतो. बिगारी म्हणून लागला, मिस्त्रीच्या हाताखाली शिकला, आता स्वतः ओळंबा लावतो. पण कागद नाही, म्हणून मोठ्या कंपनीच्या साइटवर त्याला हेल्परचाच रोज मिळतो. हे मला फार लागतं. ही सोय खरं तर त्याच्यासाठी आहे आणि त्यालाच तिचा पत्ता नसतो.

प्रश्नकर्ता : पण त्या गवंड्याला ‘अर्हता’ कळेल का?

प्रतिसाद : नाही कळणार. शीर्षकात अर्हता ठेवा, कारण पुढे अर्जावर त्याला हाच शब्द दिसणार आहे. खाली लगेच त्याच्या भाषेत सांगा : ‘हात बसलाय? काम दाखवा, दाखला मिळवा.’ ‘हात बसणं’ यात सराव आला, सफाई आली, भरवसाही आला.

प्रतिसाद : मूळ मजकूर ब्रिटनचा आहे का, तेही बघून घ्या. तिथे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या परिषदेने याच नावाच्या पाच स्तरांच्या अर्हता सुरू केल्या. ते विशेषनाम झालं, ‘एनव्हीक्यू’ असंच ठेवा. आपल्या दाखल्याला ते नाव चिकटवलंत तर वाचणारा भलत्याच कार्यालयात चौकशी करत बसेल.

प्रश्नकर्ता : मजकूर आपल्याकडचाच आहे. ‘राष्ट्रीय व्यवसाय अर्हता’ घेतो. ट्रेडची नावं जोडारी, कातारी, वीजतंत्री अशी देऊ की फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन?

शिल्प निदेशक : दोन्ही द्या. भरतीच्या जाहिरातीत वीजतंत्री, तारतंत्री असं छापून येतं आणि वर्कशॉपात सगळे इलेक्ट्रिशियन, वायरमनच म्हणतात. एकच दिलंत तर जाहिरात आपल्यासाठी आहे हेच काही पोरांच्या लक्षात येत नाही.