मदत हवी आहे: डीबी स्पेक्ट्रम प्लसला कुठला गेमपॅड चालेल?

नमस्कार मंडळी, निपाणीहून लिहितोय.

बाबांनी घेतलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर अजून ठणठणीत चालतो. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये भारतात आणलेला, तोच. गेम मोबाईलच्या हेडफोन पिनमधून इअर सॉकेटला वायर देऊन लोड करतो. मशीनला स्वतःचा जॉयस्टिक पोर्ट नाही, म्हणून मागच्या एज कनेक्टरला (जोडणीच्या खाचेला) केम्प्स्टन इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक जोडायचा डबा, लावलाय. इंटरफेस चांगला आहे, पण जॉयस्टिकच्या आतल्या पट्ट्या तुटल्यात. शिवाय ती दांडी लेकीच्या मुठीत मावत नाही, त्यामुळे आता गेमपॅडच घ्यायचाय.

अडचण अशी की नऊ पिनी प्लग सगळ्यांचा सारखाच दिसतो. घरातल्या टीव्ही गेमचा पॅड इंटरफेसमध्ये अगदी नीट बसतो. खोलून बघितला तर आत चिप आहे, म्हणजे तो बटणं एका वायरवरून ओळीने पाठवणार. केम्प्स्टनला तर प्रत्येक दिशेची वेगळी वायर लागते. तो बाद.

मीटर लावून इंटरफेस तपासलाय: १ वर, २ खाली, ३ डावी, ४ उजवी, ६ फायर, ७ ला पाच व्होल्ट, ८ ग्राउंड. ९ कुठेच जोडलेली नाही. मशीनच्या बेसिक भाषेत 'प्रिंट इन ३१' दिलं की काही न दाबता ० येतो. पिना ग्राउंडला टेकवल्या की उजवीला १, डावीला २, खालीला ४, वरला ८ आणि फायरला १६. म्हणजे इंटरफेसवर शंका नको.

आता सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या टीव्ही गेमचा पॅड घ्यावा की त्यांच्याच मास्टर सिस्टिमचा? आणि बऱ्याच गेममध्ये उडी 'वर' दाबून मारावी लागते. पॅडवर अंगठ्याने पळता पळता ते जमत नाही. दुसऱ्या बटणावर उडी घेता येईल का? कुणी केलं असेल तर सांगा की.

प्रतिसाद (खानापूर):
दादा, मास्टर सिस्टिमचाच घ्या. त्यात चिप नाही, नुसती बटणं आहेत, दाबलं की ती वायर ग्राउंडला जाते. मेगा ड्राइव्हच्या पॅडमध्ये चिप असते. तिला पाच व्होल्ट ५ नंबरला लागतात आणि ७ नंबर तिथे बटणांचे गट बदलायला वापरतात. तुमचा इंटरफेस व्होल्टेज देतो नेमका ७ ला! मध्ये कन्व्हर्टर नसेल तर लावूच नका. विकणारे दोन्हीला 'सेगा नऊ पिन' म्हणतात, तेव्हा फोटो नीट बघून घ्या: ए, बी, सी आणि स्टार्ट असेल तर मेगा ड्राइव्ह, १ आणि २ अशी दोनच बटणं असतील तर मास्टर सिस्टिम. स्पेक्ट्रमच्या नंतरच्या प्लस टू मॉडेलसाठी निघालेली सिंक्लेअर जॉयस्टिकही नको, तिची पिनांची मांडणी निराळी आहे.

उडीचं सोपं आहे. पॅडचं दुसरं बटण ९ नंबरला येतं. ९ आणि १ जोडले की ते बटण म्हणजे 'वर'. आणि इंटरफेस काढता-घालताना आधी अ‍ॅडॅप्टर काढायचा, हे कधीच चुकवू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार! पॅड न उघडता मधल्या एक्स्टेंशन केबलमध्ये ९ आणि १ जोडले तर? कॉम्प्युटरची नऊ पिनी सिरीयल केबल चालेल?

प्रतिसाद (खानापूर):
चालेल की. फक्त नऊच्या नऊ वायरी सरळ आहेत ना, ते मीटरवर बघून घ्या. काही केबलमध्ये २ आणि ३ उलटे असतात, मग खाली दाबलं की माणूस डावीकडे पळतो.