मदत हवी आहे: नळ आठवड्यातून एकदा, बोअरला जड पाणी, फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्यावं का?

औसारोडकर

लातूर शहर, दोन मजली घर, माणसं सहा. नळ आला की ५००० लिटरचा हौद भरून घेतो आणि मोटरनं गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत चढवतो. उन्हाळ्यात बोअर, नाहीतर टँकर. जुनं टॉप लोड आता बदलायचंय. दुकानदार म्हणतो फ्रंट लोड घ्या, पाणी निम्म्यावर येतं. शेजारच्या काकूंचं म्हणणं, जड पाण्यात ते टिकत नाही, सेमी ऑटोमॅटिकच बरं. बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर ९०० दाखवतं. मशीन वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये बसवायचं आहे. टाकी गच्चीवर ३ फुटी ओट्यावर आहे. शेतावरचे मातीचे कपडेही धुवायचे असतात. नक्की काय घेऊ?

पाना_पक्कड

ताई, लिटरचा हिशेब नंतर. आधी दाब बघा. फ्रंट लोडच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो, बहुतेकांत ०.३ ते १ बारच्या दरम्यान. टाकीच्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो: १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे फुटाला ०.०३. तुमच्या वरच्या मजल्यावर छत १० फूट, स्लॅब अर्धा फूट, ओटा ३ फूट. मशीनचा नळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर धरला तर टाकीच्या तळापर्यंत उरतात १० फूट. म्हणजे ०.३ बार, तेही पाइप स्वच्छ असेल तर. जुन्या लोखंडी (जीआय) पाइपला आतून क्षार धरला असेल तर त्यातलंही कमी होतं.

दाब कमी पडला की मशीन बिघडत नाही, नुसतं वाट बघतं. ठरलेल्या वेळेत पाणी भरलं नाही की 'पाणी नाही' असा कोड दाखवून थांबतं. लोक मेकॅनिक बोलावतात, तो इनलेटची जाळी साफ करून पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

खरेदीआधी एवढं करा: मशीन जिथं बसवणार तिथला नळ पूर्ण सोडा आणि १० लिटरची बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजा. ७५ सेकंदांच्या आत भरली तर मिनिटाला ८ लिटर येतंय, तेवढं चालतं. हे टाकी पाव भरलेली असताना मोजा, तुडुंब भरलेली असताना नको.

मांजराकाठ

पाण्याचा हिशेब मी देतो. ७ किलोच्या टॉप लोडला एका धुण्याला सुमारे १०० ते १५० लिटर लागतं, तेवढ्याच फ्रंट लोडला ४५ ते ७०. तुमची आठवड्याला ५ धुणी धरा. १२० गुणिले ५ म्हणजे ६००, आणि ५५ गुणिले ५ म्हणजे २७५. आठवड्याला ३२५ लिटर वाचतात. पंधरा आठवड्यांत एक पाचहजारी टँकर. टँकरचा दर तुमचा तुम्हाला ठाऊक, मशीनच्या किमतीतल्या फरकाला त्यानं भागून बघा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आपलं, पण बचत पैशात मोजायची लाज वाटून घेऊ नका.

पण हे आकडे दोन गोष्टींवर उभे आहेत. एक, ड्रम भरलेला हवा. कपडे टाकल्यावर वर एक तळहात उभा जाईल एवढीच जागा सोडायची. ३ किलो कपड्यांना मशीन निम्मं पाणी घेत नाही, थोडंच कमी घेतं, म्हणून रोज थोडे थोडे धुतले की बचत गेली. दोन, 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण. ते प्रत्येक वेळी १० ते १५ लिटर जास्त घेतं.

शेतातल्या कपड्यांचा प्रश्न खरा आहे. फ्रंट लोड कपडे वर नेऊन खाली आपटतं, ड्रममध्ये पाणी जेमतेम १२ ते १८ लिटर. काळी माती त्यात गेली की चिखलाचं पाणी होतं आणि तेच पांढऱ्या धोतरावर बसतं. माती वाळू द्या, झटका, ब्रशनं काढा, मग १० लिटरच्या बादलीत एकदा बुचकळून पिळून टाका. प्री-वॉश लावलं तर ते काम मशीन करतं, पण साधारण १५ लिटर घेऊन. गोधडी ७ किलोच्या मशीनमध्ये घालूच नका. ओली झाली की एकीकडे गोळा होते आणि स्पिन लागत नाही.

क्षारपड

काकूंचं अर्धं बरोबर. टीडीएस ९०० म्हणजे पाणी जड आहे असं ठरत नाही, मीटर मिठापासून सगळेच क्षार मोजतो. पाहायचा तो टोटल हार्डनेस, म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात तो २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. घरी अंदाज घ्यायचा तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली बोअरचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस न येता पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या तर जड. पावडरीनं ही परीक्षा होत नाही.

समजा ४०० निघालं. ५५ लिटरमध्ये २२ ग्रॅम चुना आला. बहुतेक निचऱ्यासोबत जातो, पण पाणी तापवलं की हीटरवर बसतो आणि ६० अंशांला ४० पेक्षा बराच जास्त. म्हणून बोअरच्या दिवसांत गार किंवा ४० वर धुवा. विजेचाही फरक पडतो: गार धुण्याला पाव युनिटच्या आसपास, ६० अंशांला एक युनिट. दोन महिन्यांतून एकदा ड्रम रिकामा ठेवून किराणा दुकानातलं लिंबूफूल १०० ग्रॅम ड्रममध्येच टाका आणि ६० अंशांचा कॉटन प्रोग्राम चालवा. त्या वेळी ब्लीचिंग किंवा क्लोरीनचं काहीही घालायचं नाही, विषारी वायू तयार होतो.

आता काकूंच्या उलट बाजूचं. साबणाला आधी पाण्यातला चुना बांधावा लागतो, मग मळ. फ्रंट लोडमध्ये धुण्याचं पाणी १५ लिटर म्हणजे चुना ६ ग्रॅम, टॉप लोडमध्ये ४५ लिटर म्हणजे १८. पाणी कमी तसा चुनाही कमी. म्हणून फ्रंट लोडसाठीचीच, कमी फेसाची पावडर वापरली तर जड पाण्यातही ती टॉप लोडपेक्षा कमीच लागते. साधी पावडर घातली की फेस होतो, फेसावर कपडे पडतात ते गादीवर पडल्यासारखे, मळ निघत नाही. वर मशीन फेस ओळखून आपणहून जास्तीचं पाणी घेतं. वाचवलेलं पाणी असं परत जातं.

सॉफ्टनर बसवायच्या आधी दोनदा विचार करा. नळाला लावायची छोटी फॉस्फेटची कार्ट्रिज चुना बसण्याचा वेग कमी करते, पाणी मऊ करत नाही. खरा सॉफ्टनर मिठानं धुवावा लागतो आणि त्या धुण्याला पाणी लागतंच.

वाळवण

सेमीला कुणी वाली नाही का? टब ४५ लिटर. पहिल्यांदा पांढरे धुतले, स्पिन करून कपड्यांतलं साबणाचं पाणी काढलं, टबात उरलेल्या त्याच पाण्यात दुसरे, रंगीत. मग दोन टब खळबळायला, दोन्ही खेपांना मिळून. १३५ लिटरमध्ये दोन धुणी, म्हणजे धुण्याला ६७. बादलीनं पाणी भरता येतं, दाबाची भानगड नाही, लाईट गेली तर झाकण उघडून कपडे काढता येतात. फक्त स्पिनरवर नळ चालू सोडून खळबळायची सवय असेल तर हिशेब विसरा, टॉप लोडच्याही पुढे जातं.

मांजराकाठ

मान्य, पण त्या ६७ साठी माणूस दीड तास तिथं हवा. घरात तेवढा वेळ कुणाला आहे त्यावर ठरवा. लाईटचं म्हणाल तर फ्रंट लोडलाही खाली फिल्टरच्या झाकणामागे बारीक नळी असते. पसरट परात ठेवून त्यातून पाणी काढायचं, मग दार उघडतं. पाणी गरम असेल तर आधी निवू द्या.

औसारोडकर

मोजलं. वरच्या मजल्यावर बादली २ मिनिटं १० सेकंदांत भरली, खाली अंगणाकडच्या मोरीत १ मिनिट ५ सेकंदांत. साबणाच्या गुठळ्या झाल्या. फ्रंट लोडकडे कल आहे, कारण दुपारी घरी कुणी नसतं. निचऱ्याचं पाणी झाडांना देता येईल का?

पाना_पक्कड

मग खालीच बसवा, दाब वाढवणाऱ्या बूस्टर पंपाचा खर्च वाचला. वरच हट्ट असेल तर फ्लो स्विचवाला (पाणी वाहू लागलं की आपोआप चालू होणारा) छोटा बूस्टर टाकीनंतरच्या लाईनवर लागेल. तो महापालिकेच्या नळाला थेट कधीच लावायचा नाही, आणि टाकी रिकामी असताना चालला तर जळतो. टाकीपासून मोरीपर्यंत वेगळी लाईन ओढलीत तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघराचा नळ सोडला की मशीन अडतं. नळाजवळ जाळीचा फिल्टर लावा, टँकरच्या पाण्यात गाळ असतोच.

क्षारपड

झाडांना नको. पावडरीतला सोडियम काळ्या जमिनीत साचला की माती चोपण होते, पाणी मुरत नाही. संडासात आणि अंगण धुवायला वापरा. ६० लिटरचा ड्रम ठेवा, निचऱ्याची नळी काठावर अडकवा, तिचं टोक जमिनीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर हवं आणि पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन भरतंय आणि रिकामं होतंय असं चालूच राहतं. पाणी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

पाना_पक्कड

बसवणारा माणूस निघायच्या आधी मागचे वाहतुकीचे बोल्ट, बहुतेकांत चार असतात, काढलेत का ते स्वतः मोजून घ्या. तसंच चालवलं तर पहिल्याच स्पिनला मशीन मोरीभर नाचतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून जपून ठेवा, घर बदलताना लागतात.