काकडं घेतली नाहीस?

(बदलापूरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, जूनमधला एक रविवार. नावांच्या जागी फ्लॅट नंबर टाकलेत. बाकी जसंच्या तसं.)

बी-६०२: (फोटो) हे काय आहे, कोणी सांगता का? स्टेशनबाहेर एक मावशी विकत होती. म्हणाली, थोडे दिवसच मिळतात, घे. घेतल्या दोन जुड्या. आता ओट्यावर ठेवून नुसती बघून राहिली मी त्यांच्याकडे.

ए-१०१ (आजोबा): शेवळं! म्हणजे पाऊस लागला म्हणायचा.

सी-४०४: मला वाटलं, कसल्या तरी फुलांच्या कळ्या.

ए-१०१ (आजोबा): कळ्याच आहेत की. जंगली सुरणाच्या. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येतात, पान नंतर फुटतं.

ए-३०४ (काकू): काकडं कुठायत?

बी-६०२: काकडी आहे ना फ्रिजमध्ये. त्यात घालायची असते का?

ए-३०४ (काकू): काकडी नाही गं. काकडं. हिरवी, छोट्या आवळ्यासारखी. तिच्याच टोपलीत असणार.

बी-६०२: हो, होती. तिने वाटा पुढे केला होता, २० रुपयांचा. मला वाटलं, नवीन बाई बघून गळ्यात मारतेय.

ए-३०४ (काकू): गळ्यात मारत नव्हती, गळा वाचवत होती तुझा.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टाकी धुण्याची सूचना वर गेली. पुन्हा टाकतो. उद्या १० ते १ पाणी बंद.

बी-६०२: सॉरी सर. काकू, मग काकडं नाहीत तर कुकरला ४ शिट्ट्या देऊन करू का?

ए-३०४ (काकू): नको!

डी-२०३: नको नको

सी-४०४: ४ काय, १४ दिल्या तरी नको. (मला काही माहीत नाही, सगळे म्हणतायत म्हणून.)

सी-५०१ (सर): सुरण, अळू, शेवळं हे एकाच कुळातले. यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, नुसत्या शिट्ट्यांनी जात नाहीत. म्हणून अळूच्या फतफत्याला चिंच, सुरणाला आमसूल आणि शेवळांना काकडं. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र नव्हतं, पण जोड्या बरोबर लावल्यात.

डी-२०३: सर, अनुभवाचं सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये मी काकडांऐवजी अर्धं लिंबू पिळून केली होती. सासूबाईंनी एक घास खाल्ला. काही बोलल्या नाहीत. उठल्या, आमसुलांची बरणी आणली आणि ताटांच्या मधोमध ठेवली. सगळ्यांनी एकेक उचललं. आजही कोणी तो विषय काढत नाही, पण जून आला की बरणी टेबलावर येते.

डी-७०२ (डॉक्टर): नुसती खाज असेल तर आमसूल चघळा, ताक प्या. पण ओठ-घसा सुजला, गिळता येईना, आवाज बदलला तर बरणी शोधत बसू नका. सरळ दवाखाना.

ए-३०४ (काकू): (व्हॉइस मेसेज, ४ मिनिटं)

डी-२०३: ज्यांना ऐकता येत नाही त्यांच्यासाठी काकूंचं लिहून काढलंय. मधला काकांना रागावण्याचा भाग गाळलाय.

"आधी हाताला तेल चोळ. मग शेवळाची वरची पाती सोलून टाकून दे. आत दांडा निघेल. त्याच्या बुडाशी पिवळट, दाणेदार भाग दिसेल, तोच खरा खाजरा. पुरता कापून टाक, जीव नको अडकवूस त्यात. दोन जुड्या भरगच्च दिसतात आणि भाजी चौघांना जेमतेम होते ती त्याचमुळे. राहिलेलं बारीक चीर, अगदी बारीक. काकडं ठेचायची, बिया काढायच्या, थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवून रस गाळून घ्यायचा. कढईत रोजच्यापेक्षा हात सैल सोडून तेल घाल आणि शेवळं मंद आचेवर परतत बस. ती मऊ पडतात, काळपट होतात, निम्म्यावर येतात. मग काकडांचा रस, वर झाकण. हरभऱ्याची डाळ घालणार असशील तर ती आधी वेगळी शिजवून घे. आंबटात डाळ शिजत नाही, दातांखाली कडकड येते. कांदा, लसूण, हळद, तिखट, चिमूटभर गूळ, शेवटी ओलं खोबरं. आणि चव बघताना चमचाभर तोंडात टाकू नकोस. शिताएवढी जिभेच्या टोकावर ठेव आणि थांब जरा. घाई असेल त्या दिवशी शेवळं करूच नयेत."

बी-२०१: काकू, सगळं मान्य, पण डाळ? शेवळं सोड्यांशिवाय? सुक्या कोलंबीशिवाय?

ए-३०४ (काकू): आमच्याकडे डाळच.

बी-२०१: आमच्याकडे सोडे नाहीतर कोलंबी. माझा आजा खिम्यात घालायला लावायचा. आम्ही सीकेपी लोक शेवळं आली की कांद्याचे भावसुद्धा विचारत नाही.

सी-४०४: रविवारी सकाळी ११ ला सोड्यांचं नाव काढायचं नसतं हो. आमच्याकडे आज दोडका आहे.

ए-३०४ (काकू): सोडे घाल बाबा, पण धुऊन, भाजून घाल. मागच्या वेळी लिफ्टमध्ये दोन दिवस वास होता.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो, लिफ्टमध्ये ओल्या छत्र्या झटकू नयेत.

बी-६०२: आमच्याकडे नागपूरला हे पाहिलंच नाही कधी. पावसाचा पहिला मान तरोट्याचा. इथे मिळतो का?

ए-१०१ (आजोबा): टाकळा म्हणतात इथे त्याला. कोवळा आहे तोवरच खायचा, फुलं धरली की चिवट होतो. मिळतो काय, आपल्या पंपरूमच्या मागे रान माजलंय त्याचं. मी चाललोच होतो पिशवी घेऊन.

सेक्रेटरी: आजोबा थांबा! तिथे परवाच तणनाशक मारलंय. मीटिंगमध्ये ठरलं होतं.

ए-१०१ (आजोबा): अरे मग पाटी लावा की तिथे! टाकी धुण्याची सूचना तीनदा टाकता.

सेक्रेटरी: लावतो.

डी-७०२ (डॉक्टर): आणि रस्त्याकडेचं, नाल्याकडेचंही नको. ओळख पक्की नसेल तर कुठलंच नको. त्या मावश्या डोंगरातून खुडून आणतात, त्यांना पानन् पान ठाऊक असतं. ५-१० रुपयांसाठी घासाघीस करू नका.

बी-६०२: काटवलं, धोपा? ते तरी सेम असेल?

सी-५०१ (सर): काटवल म्हणजे कंटोली. धोपा म्हणजे अळू. तुमची धोप्याची वडी ती आमची अळुवडी.

ए-३०४ (काकू): आणि फोडशी दिसली तर घे. कांद्याच्या पातीसारखी दिसते, पण मुळाशी माती फार. तीन पाण्यांतून काढ आणि मधला जाड दांडा काढून टाक, नाहीतर वाळू चावल्यासारखी लागते. मूगडाळ घालून छान होते. पण आधी हे आजचं निस्तर. काकडं माझ्याकडे आहेत ७-८, सकाळीच आणलीत. वॉचमनकडे ठेवते.

बी-६०२: काकू, मी येते ना वरती.

ए-३०४ (काकू): ये. तेल चोळायला विसरू नकोस, काल माझेच हात चुरचुरत होते. आयुष्यभर सोलतेय तरी.

(संध्याकाळी ७ वाजता)

बी-६०२: झाली एकदाची. सोलायलाच दीड तास लागला. दोन जुड्यांची वाटीभर भाजी बघून रडू येत होतं. काकूंनी सांगितल्यासारखं शिताएवढी जिभेवर ठेवली आणि ५ मिनिटांचा टायमर लावून बसली. काहीच झालं नाही. मग खाल्ली. खिम्यासारखी लागते हो ही! वास थोडा मातीचा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणे, एवढ्या वेळात चार घरची पाटोडी झाली असती.

बी-२०१: खिम्यासारखी लागते ना? मग पुढच्या वेळी खरंच खिमा घाला.

सी-४०४: आमचा दोडका उरलाय. कोणाला हवाय?

(कोणी उत्तर दिलं नाही.)

ए-१०१ (आजोबा): उद्या सकाळी ६:३० ला स्टेशनकडे फिरायला जातोय. शेवळं कोणाला आणू? काकडं सोबत घेतल्याशिवाय आणणार नाही, आधीच सांगतो.

डी-२०३: २ जुड्या, काकडांचा १ वाटा.

बी-२०१: ४ जुड्या.

सी-५०१ (सर): १ जुडी. आम्ही दोघंच.

बी-६०२: मला फक्त काकडं, आजोबा. २ वाटे. काकूंची परत द्यायचीत.

सेक्रेटरी: ऑर्डरी ग्रुपवर नकोत, आजोबांना पर्सनलवर पाठवा.

सेक्रेटरी: आजोबा, माझी १ जुडी. उद्या पाणी १० ला बंद होतंय, त्याआधी आणाल ना?