बिनकागदी कामगाराचा पगार: करात वजावट का द्यायची?

मीठभाकर
न्यू जर्सीत माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. परवा ओळखीच्या एका रेस्टॉरंटवाल्याशी वाजलं. भांडी घासायला ठेवलेल्या पोराकडे वर्क परमिट नाही हे त्याला पक्कं ठाऊक, तरी त्याचा पगार धंद्याचा खर्च म्हणून बिनदिक्कत दाखवतो. मला वाटलं घोटाळा आहे. वाचून पाहिलं तर करकायद्याच्या कलम १६२ खाली हे चालतं! धंद्याला लागणारा नेहमीचा, गरजेचा खर्च वजा, त्यात वाजवी पगारही आला. आणि १९८६ च्या कायद्याने असा माणूस जाणूनबुजून ठेवायला बंदी. म्हणजे एक खातं दंड करणार, दुसरं सूट देणार. मी कागद बघून माणसं घेते, तासाला जास्त मोजते. मूर्ख मीच का?

खतावणी
ताई, ती सूट नव्हे, नफा काढायची रीत आहे. १९५८ मध्ये सुलिव्हन खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने इलिनॉयमधल्या सट्ट्याच्या अड्ड्याचं भाडं आणि नोकरांचे पगारसुद्धा वजा करू दिले. अमली पदार्थांचा धंदा तेवढा १९८२ पासून वेगळा काढलाय (कलम २८०ई).
हिशेब बघा. गल्ला १००, माल-भाडं ६०, पगार ३०, उरले १०. पगार वजा केला नाही तर कर ४० वर. पाव हिस्सा धरला तरी १०. सगळा नफा साफ.

मीठभाकर
मग होऊ दे की साफ! पडू दे महाग. आयोवाचे तेव्हाचे खासदार स्टीव्ह किंग यांनी हेच मांडलं होतं, 'न्यू आयडिया' नावाचं विधेयक: असा पगार वजा नाही, पण ई-व्हेरिफायवर (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन सोय) माणूस तपासून घेतला असेल तर मालकाला संरक्षण. ते कधी पास झालं नाही. (बाकी त्यांची मतं मला अजिबात पटत नाहीत, हे आधीच सांगते.)

खतावणी
वजावट गेली की पगार वहीतून गायब, लिफाफ्यात हजर. आज निदान ७.६५ टक्के कामगाराकडून, तेवढेच मालकाकडून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरला (म्हातारपणीचं पेन्शन आणि दवाखान्याची सरकारी योजना) जातात. त्या पोराला त्यातलं काही मिळायची आशा नाही, ते सोडा.

मीठभाकर
कुठल्या सोशल सिक्युरिटी नंबरवर जातात? आयटिन (फक्त कर भरण्यापुरता मिळणारा नंबर) नोकरीला चालत नाही. म्हणजे नंबर उसना किंवा खोटा, आणि हे मालकाला माहीत!

तीन_व्हाउचर
पुण्याहून. आपल्या १९६१ च्या आयकर कायद्यात (एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा) कलम ३७ ला स्पष्टीकरण होतं: गुन्हा ठरणाऱ्या कामासाठी केलेला खर्च वजा नाही. शिवाय एकाला एका दिवसात १०,००० वर रोख दिली की कलम ४०ए(३) खाली तो खर्च बाद व्हायचा. फळ काय? एका साइटचे कागद बघत होतो. मुकादमाला दिलेले २८,५००, साडेनऊ हजारांची तीन व्हाउचरं, तीन नावं, आणि तिन्हींवर जांभळ्या शाईचा एकच अंगठा, तोच आडवा व्रण.

खतावणी
हेच म्हणतोय. कराच्या फॉर्मवर पोलिसगिरी नको, दंड वाढवा.

मीठभाकर
दंड करायला आधी कुणी यायला हवं ना. सात वर्षं आय-९ ची (नोकराचे कागद तपासल्याचा सरकारी फॉर्म) फाईल पोळपाटाशेजारच्या कपाटात आहे. तेलाचे डाग पडले, अजून एकाने उघडून पाहिली नाही.