‘बधिरीकरणाखाली’ की ‘भुलीत’?

मृदुला: प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांविषयी लिहितेय. ‘बधिरीकरणाखाली प्राण्यांचा जठराम्लस्राव घटतो’ हे वाक्य खटकतंय. ‘भूल’ चालेल?

विनायक: चालेल काय, तेच हवं. ‘खाली’ काढा, ‘भूल दिलेल्या प्राण्यांत’ किंवा ‘भुलीत असताना’ म्हणा. बधिरीकरण मी दात काढण्यापुरतं ठेवीन. बधिर होते ती हिरडी, अख्खा माणूस नव्हे. गुंगीत थोडी शुद्ध उरते, म्हणून तोही शब्द नको.

पशुवैद्य: शब्द सुधारला, वाक्य अजून लंगडंच आहे. कोणती भूल? औषध वेगळं, चिरफाड वेगळी, आणि आपण दोन्ही ‘भुली’त कोंबतो. रशियन शरीरक्रियातज्ज्ञ पावलोव्हचा सगळा खटाटोप याच घोळापायी. भूल देऊन, पोट उघडून लगेच केलेल्या प्रयोगांत जठररस नीट सुटत नसे. म्हणून त्याने पीटर्सबर्गात कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केली, त्यांना पूर्ण बरं होऊ दिलं आणि मग जागेपणी मोजलं. अन्ननलिका गळ्याशी बाहेर काढलेली, त्यामुळे गिळलेला घास तिथूनच पडून जाई. जठरात कणही पोचत नसे, तरी पाचेक मिनिटांत रस ठिबकू लागे. मेंदूकडून जठराकडे येणारे व्हेगस मज्जातंतू कापले की थांबे. 1904चं नोबेल या पचनाच्या कामाला मिळालं, खाण्याच्या नुसत्या खुणेने लाळ गाळणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध कुत्र्यांना नाही!

उंदरांतली गंमत पुढची. घोष आणि शिल्ड यांनी 1958 मध्ये युरेथेनची भूल देऊन उंदराच्या जठरातून द्रव खेळवला आणि आम्ल सलग नोंदवलं. युरेथेन स्वतःच जठरात सोमॅटोस्टॅटिन हे आम्ल रोखणारं संप्रेरक वाढवून आम्ल दाबतं, हे नंतर कळलं. तेव्हा औषधाचं नाव हवंच.

मृदुला: आम्लाऐवजी ‘पित्त’ लिहिलं तर? वाचकांच्या तोंडचा शब्द.

पशुवैद्य: घरात बोलायला ठीक, इथे नको. पित्त यकृतातून येतं, आम्ल जठरात तयार होतं. ‘उलटी’सुद्धा जपून वापरा. भुलीत अन्ननलिकेच्या जठराकडच्या टोकाचा स्नायू सैल पडतो आणि आम्ल नुसतं वर येतं, पोट जोर लावत नाही. कुत्र्याची अन्ननलिका त्याने भाजते, कधी पुढे आक्रसतेही. गाईम्हशींत वर येतो तो रवंथाच्या पोटातला चारापाणी. आम्ल त्यांच्या चौथ्या कप्प्यात.

विनायक: ‘वर येणं’ झकास. तान्ह्या बाळाची असते ती गुळणी, कुत्र्याला तो शब्द शोभणार नाही.

मृदुला: मग असं: ‘युरेथेनची भूल दिलेल्या उंदरांत जठराम्लाचा स्राव घटतो.’

विनायक: ‘आम्ल कमी सुटतं’ म्हटलं तर ‘स्राव’ही लागणार नाही.

पशुवैद्य: ‘स्राव’ राहू द्या हो, परीक्षेत तोच विचारतात.