चौथा सिलिंडर गेला, तर स्विफ्टची चाल गेली का? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पांदण ते समृद्धी
मे 2024मध्ये मारुतीची चौथ्या पिढीची स्विफ्ट आली, तेव्हापासून आपल्याकडे "जुनीच खरी" हे वाक्य फार ऐकू येतं. आधी आकडे मांडतो. 2021 ते 2024च्या गाडीत के12एन इंजिन होतं: 1197 सीसी, चार सिलिंडर, 6000 आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) जवळपास 90 पीएस ताकद, 4400ला 113 एनएम ओढ (टॉर्क). नव्या झेड12ई इंजिनमध्ये सीसी तेवढेच, सिलिंडर तीन, 5700ला 81.6 पीएस, 4300ला 111.7 एनएम. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोघींचा 2450 मिमी, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) 163 मिमी.

माझं मत: विदर्भाच्या रस्त्यांवर नवी गाडी जुनीपेक्षा कमी नाही. गाव ते तालुका हे अंतर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, 1500 ते 3000 आरपीएमच्या आतच कापलं जातं. मधे गतिरोधक, शेळ्या, कापसाच्या गाड्या. तिथे 6000ला मिळणारी ताकद वापरणार कुठे?

चौथा_सिलिंडर
दादा, आकडे बरोबर, निष्कर्ष चुकला. स्विफ्टची ओळखच वरच्या आरपीएमला खुलणारं इंजिन ही होती. जुनं के12एन 73 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 71.5 मिमी स्ट्रोकचं (पिस्टनचा वर-खाली प्रवास), म्हणजे पिस्टनचा प्रवास छोटा. नवं 74 बाय 92.8. त्याच 6000 आरपीएमला जुन्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 14.3 मीटर येतो, नव्याचा 18.5च्या वर. लांब स्ट्रोकचं इंजिन वर ओढलं की आवाज वाढतो, वेग त्या मानाने वाढत नाही. हा ट्यूनिंगचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

शिवाय वजन. जुनी 875 ते 905 किलो, नवी 920च्या आसपास. टनामागे जुनीला साधारण 100 पीएस, नवीला 89. यवतमाळ-वणी भागात दोन पदरी रस्त्यावर कोळशाचा ट्रक ओलांडायचा असेल, समोरून वाहन दिसत असेल, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये 60वरून 90ला लवकर पोचणं ही हौस नाही, गरज आहे.

पांदण ते समृद्धी
ओव्हरटेकचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. तिसरा टाकून 4000च्या वर नेलं तर जुनी पुढे जाते, बरोबर. बहुतेक चालक मात्र चौथ्यातच दाबतात. 2000 आरपीएमवर नवी लवकर उचलते, कारण लांब स्ट्रोकचा फायदा खालीच मिळतो. आणि समृद्धीवर 120च्या मर्यादेत दोन्ही गाड्या पाचव्यात निवांत राहतात.

सेमाडोह_वळण
घाटाबद्दल कोणी बोललं नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना हेअरपिनवर (उलट फिरणाऱ्या तीव्र वळणावर) वेग 15-20वर येतो. चार माणसं आणि एसी चालू असताना जुनी दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकते, अर्धवट क्लच द्यावा लागतो किंवा पहिला टाकावा लागतो. नवी त्याच वळणातून दुसऱ्यात निघते. शिवाय नव्या गाडीला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच आहे, पेडल हलकं. जुन्या केबल क्लचचं पेडल वयानुसार जड होत जातं.

एएमटी (क्लच-गिअर आपोआप टाकणारी गाडी) असेल तर दोन्ही पिढ्यांत चढाला मॅन्युअल मोड लावा आणि दुसरा धरून ठेवा. ऑटोवर सोडली तर वळणाच्या मधोमध वरचा गिअर टाकते आणि ऐन वेळी ओढ तुटते. उतरतानाही दुसराच, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

चौथा_सिलिंडर
घाट नव्या गाडीला देऊन टाकतो. पण थरथरीचं काय? चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर 180 अंशांना एक ठिणगी, तीनमध्ये 240 अंशांना. त्यात तीन पिस्टनचा तोल पुढे-मागे डोलतो. सिग्नलला एसी चालू असताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवा, फरक कळतो. महिनाभराने सवय होते असं लोक सांगतात. सवय होणं आणि इंजिन चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गॅरेज_दिग्रस
राजेहो, दोघंही एक गोष्ट इसरून राह्यले. तीन सिलिंडरची थरथर अंगात येऊ न देनं हे इंजिन माउंटचं (इंजिन ज्यावर बसते त्या रबरी बैठकीचं) काम हाये. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45च्या वर जाते, बोनेटखाली त्याहून लय जास्त. रबर कडक होते, मंग भेगा पडते. तवा नवी गाडी नवी असताना कशी चालते हे पाहून भागत नाई, चार उन्हाळे काढल्यावर कशी रायते हे पायलं पायजे.

तपासाची रीत सांगतो. हँडब्रेक वढा, चाकाले ठोकळे लावा, पायानं ब्रेक पक्का दाबा. बाजूनं उभं राहून दुसऱ्यानं बोनेटखाली पाहा, गाडीसमोर कोनी नको. चालकानं पयला टाकून क्लच जरासा सोडाचा, मंग रिव्हर्स टाकून तसाच. इंजिननं हलकासा झोका देनं ठीक. झटका मारून उसळलं, नाई तं खालून 'ठक' आवाज आला, तं माउंट गेला. खालचा टॉर्क रॉड (इंजिनचा झोका रोखनारा रबरी माउंट) आधी पाहा. त्याचं रबर फाटलं की गिअर टाकताना झटका बसते अन् लोक क्लचप्लेट बदलून बसते.

हायड्रॉलिक क्लचचंबी आयका. पेडल मऊ लागलं, रिव्हर्स करकर करून पडला, तं आधी क्लचच्या तेलाची पातळी पाहा. पातळी खाली गेली म्हंजे कुठं तरी गळती हाये. नुसतं तेल टाकून सोडू नका.

दारव्हा_फाटा
हाताळणीबद्दल सगळे गप्प का? माझ्या मते नवी स्विफ्ट वळणात जास्त कलते, सस्पेन्शन मऊ केलंय. जुनी जमिनीला धरून असायची.

पांदण ते समृद्धी
कोणती कोणत्या गाडीशी ताडली, ते आधी सांगा. खालच्या व्हेरिएंटला 165/80 आर14 टायर (14 इंची रिमचे), वरच्याला 185/65 आर15 (15 इंची). दोन्हींचा व्यास जवळपास सारखा, 2 मिमीचा फरक. पण 14 इंचीची बाजूची भिंत 132 मिमी आणि 15 इंचीची 120. वळणात ही उंच भिंतच आधी वाकते. जुनी झेडएक्सआय (वरचं व्हेरिएंट) आणि नवी एलएक्सआय (खालचं) अशी तुलना केली तर दोष टायरचा असतो आणि नाव सस्पेन्शनचं होतं.

उलट ज्यांना रोज खड्ड्यातून जायचं, त्यांनी 14 इंचीच ठेवावी. उंच भिंतीमुळे रिम वाकत नाही आणि टायर बाजूने फुगण्याचं प्रमाणही कमी.

दारव्हा_फाटा
दोन्ही 15 इंचीच होत्या, हवाही स्टिकरप्रमाणे. सस्पेन्शन मऊ आहे या मतावर मी ठाम आहे. खड्ड्यात त्याचा फायदा आहे, तेही सांगतो. पण पाच माणसं आणि डिकीत पोती असली की मागची बाजू बसते आणि गतिरोधकाला पोट घासतं. 163 मिमी हा माल न भरलेल्या गाडीचा आकडा आहे.

गॅरेज_दिग्रस
पावसाळ्यात टेस्ट घेत असाल तं एक करा. काळ्या मातीतून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूले चिखल चिकटून वाळते. मंग 80ले स्टेअरिंग थरथरते अन् गिऱ्हाइक म्हनते इंजिन खराब. आधी रिम आतून धुवा, मंग निकाल द्या.

चौथा_सिलिंडर
ज्यांना जुनी घ्यायची त्यांच्यासाठी: 2018 ते 2020ची गाडी पाहू नका असं नाही, पण तिच्यात के12एम आहे, 83 पीएसचं. 90वालं के12एन फेब्रुवारी 2021पासून. आर.सी.वर महिना-वर्ष तपासा, विकणारे सरसकट "तेच इंजिन" सांगतात.

सेमाडोह_वळण
त्यात आणखी एक भर. एप्रिल 2023पासूनच्या गाड्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनलेल्या आहेत. त्याआधीच्या के12एनचे पाइप आणि सील त्या हिशेबाचे नाहीत, आणि पंपावर आता ई20च मिळतं. म्हणून एप्रिल 2023 ते 2024च्या सुरुवातीची गाडी शोधा. जुन्या 2021च्या गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर पाइपचे जोड आधी पाहा. सुरक्षेतही फरक आहे: नव्या गाडीत सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरिएंटना, जुनीत एअरबॅग दोनच.

चौथा_सिलिंडर
सहा एअरबॅग हा जबर मुद्दा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण धाग्याचा प्रश्न चालीचा आहे. त्यावर मत तेच: 4000च्या खाली नवी, वर जुनी. ज्यांचा रोजचा रस्ता दोन पदरी आणि ट्रकांचा, त्यांनी टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत घेऊ नये. चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा, मोकळा सरळ पट्टा पाहून तिसऱ्यात 60वरून 90पर्यंत ओढा. मग तेच चौथ्यात करा. सेल्समन नाही म्हणाला, तर दुसऱ्या शोरूमला जा.